अण्णांचं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर २००३
देवरूखची अंगणवाडी सोडून रत्नागिरीत आले. इथे सांभाळायला विद्यार्थी एकच, गोपाळकृष्ण अण्णा, नि तोही रोज एक इयत्ता खाली उतरणारा. कोर्टात शिरस्तेदार होते. आता सदरा डोक्यातून घालायचा की पायातून, यावर तारखा पडतात. मुलगा सलिल, सून अवनी ठाण्याला. काळजी फार, ती फोनवरून येते. अवनीने बजावलंय, मथुराताई, ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. नवऱ्याला कधी म्हटलं नाही, यांना म्हणेन.

९ नोव्हेंबर
अण्णा रोज दुपारी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतात, पुटपुटत, गावच्या देवळात घालायचे तसं. प्रत्येक वाक्याला गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं असतं. इथे गाव म्हणजे मी. कोलंबी सोलता सोलता म्हणते. मग शहाण्यासारखे जेवतात.

२० नोव्हेंबर
अण्णांनी आज पेपर वाचून मंत्र्याला शिवी घातली, आणि योग्य मंत्र्याला. डॉक्टर थक्क, श्रेय आपल्या गोळ्यांना दिलं. माझ्याकडून आमटीत दोनदा मीठ पडलं.

२६ नोव्हेंबर
बाजारातून येताना घर सापडेना. अण्णाच शोधत आले. हाताला धरून आणलं मला.

२८ नोव्हेंबर
आज हातातलं काम ठेवून गाऱ्हाणं नीट ऐकलं. ‘बा देवा महाराजा, माझ्या डोक्यातलं धुकं काढ, नि ह्या मथुरेच्या माथी घाल.’
आणि माझं तोंड, सवयीने, व्हय म्हणून मोकळं.
सलिलला फोन केला, मी निघते म्हणून. म्हणाला, आम्ही येईपर्यंत थांबा.

३० नोव्हेंबर
दोघं आले. सगळं सांगितलं. अवनी म्हणाली, मथुराताई, तुम्ही दमलात हो. दुपारी अण्णांनी नारळ घेतला. मी ओठ घट्ट मिटले. त्या दोघांनी हात जोडले, म्हणाले, व्हय महाराजा. मोठ्याने. हसत नव्हते.

डिसेंबर
दाराला बाहेरून कुलूप. फोनवर कुणीतरी मला आई म्हणत होता. आवाज ओळखीचा — कुणाचा — अण्णांनी फोन घेतला. म्हणाले, बरी आहे ती, जरा विसरते.

आज
ते भात भरवतात. गरम आहे का विचारतात. चांगले आहेत. नाही — चांगले नाहीत, हे लिहून ठेवायचं होतं, कारण —

अण्णा विचारतायत, बाये, नाव काय तुझं, सांग बघू.
येतं मला. येतं. देवरूखची मी, मुलांना शिकवायची, माझं नाव म