खांद्याची जागा

अँटिग्वा, उपवासकाळातला तिसरा रविवार

आंपारो,

खुशाल असशील, न असायला काय झालंय! मी भिंतीला टेकून उभ्यानेच लिहितेय, बसलं की कमरेपासून टाचेपर्यंत सुरी फिरते. फोन केला नाही, कारण चेबो कान लावून असतो. सख्खी बहीण ना तू? मग सगळ्या बायकांत तूच का मोठ्यांदा हसलीस?

हो, चर्चमध्ये पालखीसाठी खांद्याची उंची मापताना ब्लाउजच्या आत भाकरीचं फडकं घडी करून घातलं होतं. घातलं! उजवा खांदा खाली गेलाय, मग काय करणार? मापाच्या काठीला खांदा भिडला नाही तर गुड फ्रायडेला मारियामातेच्या पालखीच्या पुढच्या दांडीला कोण उभं करतं? आईनंतर ती जागा माझी. फडकं घसरून पायाशी पडलं आणि तू म्हणालीस, "एर्लिंदा, आत मक्याचे गरम तामालही आणलेस का गं?" मग तुझा खांदा मापला. काठीला बरोब्बर. दिली माझी जागा तुला. नको म्हणायला जीभ झडली होती?

आणि बाहेर चेबो उभा, माझाच नवरा. घरी येताना म्हणतो, "आंपारो अजून ताठ उभी राहते हं." मी म्हटलं, "मग जा तिच्याच मागे." तो आपल्याशीच हसला. चेबोचं ते आपल्याशीच हसणं मला आवडत नाही. आमच्या लग्नाआधीच्या जत्रेत पहिल्यांदा त्याने कुणाला नाचायला ओढलं होतं, ते... जाऊ दे. तुझ्या लिंबाला यंदा फळ धरलं का?

एमआरआय काढला. मणक्यांमधली गादी बाहेर सरकून नस दाबतेय. डॉक्टर म्हणाला, "बाई, नुसतं दुखत असतं तर थांबलो असतो. पण तुमच्या पायाचा अंगठा वर उचलला जात नाही. अशाच राहिलात तर पाऊल कायमचं लोंबेल." ऑपरेशनने पूर्ण बरं होईल अशी हमी मात्र देत नाही मेला. नंतर बरेच दिवस वाकायचं नाही, ओझं नाही, घरात कुणीतरी हवं. लगेच चेबो, "आंपारोला बोलावू, एकटीच तर असते." केवढी ती घाई!

तुला वाटत असेल, मी ऑपरेशनला घाबरते. त्याला कोण भितंय? मी खाटेवर पडलेली आणि माझ्या चुलीपाशी तुम्हा दोघांचं हसणं, ते ऐकू येतं मला. आत्तापासूनच. म्हणून डॉक्टरला टोलवत राहिले. पण काल बाजारातून आले तर एका पायात चप्पलच नव्हती. कुठे गळाली, पायाला कळलंसुद्धा नाही.

तेव्हा ये. मका दळ, माझं अंग पूस, चेबोला वाढ. वाढून झालं की त्याच्यासमोर बसू नकोस. गुड फ्रायडेला माझ्या दांडीला खांदा दे, आणि नीट दे, मातेला हेलकावा बसता कामा नये. पण मी उभी राहिले की बाजूला व्हायचं. दांडीखालून आणि चुलीपुढूनही. हे तुझ्या हाताने लिहून कबूल कर.

डॉक्टरला सोमवारी सांगायचंय. शनिवारच्या बसवाल्याकडे उत्तर पाठव. नाही आलं तर लंगडत मरेन, पण जागेवरून हलणार नाही. शनिवारी, आंपारो. हो की नाही?

अजूनही तुझी थोरली,
एर्लिंदा