मीठ नाही निघालं!

गुरुवार, संध्याकाळ

आज प्रोटीनच्या थेंबात खडे दिसले! चारच, पण मायक्रोस्कोपखाली नुसते चमकत होते. त्या थेंबात कड्यासारखे गोल कृत्रिम रेणू मी मुद्दाम घातलेले. सुटं सुटं फिरणारं प्रोटीन ते धरतात आणि रांगेत बसवतात, मग स्फटिक होतो. निदान कागदावर तरी.

पण मीठ असलं तर? मागच्या वेळी मी अख्ख्या लॅबला पेढे वाटलेले आणि निघालं काय, तर द्रावणातलं मीठ. आजोबांनी फोटो बघूनच सांगितलेलं. मिठागरात जन्म गेलाय त्यांचा.

खात्री करायची तर सुईने एक खडा फोडायचा. मीठ कट्कन तुटतं, प्रोटीन अलगद चुरगळतं. पण चारातला एक आपल्याच हाताने मारायचा? सुई घेतली, ठेवली. परत घेतली. शेवटी फोटो डोंबिवलीला घरी आजोबांना पाठवला. लगेच फोन.

"गो, हे मीठ नाय."

"नक्की ना आजोबा?"

"सुई लाव नि बघ. घाबरतेस कशाला?"

लावली. खडा गुपचूप चुरगळला, जराही कट् नाही. मी लॅबमध्ये एकटीच नाचले. वेडीच आहे मी.

येताना ठाण्याहून पेढे घेतले. आजोबांनी एक तोंडात टाकला, चघळत बसले. मग हसायलाच लागले.

"उभ्या जन्मात पयल्यांदा, मीठ नाय आलं म्हणून गोड खातोय मी!"