टाळायचा भाग

३ ऑगस्ट, रविवार

शेखरकडून जीपीएसचं यंत्र घेतलं. चुलतभाऊ माझा, अमरावतीत भाड्याच्या गाड्या चालवतो. काचेला चिकटवायचं डबडं, त्याच्याकडे पडूनच होतं. म्हणाला, "अबे, मोबाईलात सगळं येते. हे काहून घेऊन राहिला?" मी म्हटलं, यात रस्ता बंद करता येतो ना? येतो. नकाशावर बोटानं चौकोन काढायचा, तेवढा भाग ते टाळतं. मोबाईलात ती सोय नाही. "कोनता भाग टाकू, सांग," म्हणाला, आणि लगेच यंत्र माझ्याच हातात दिलं.

मीच काढला. मूर्तिजापूरच्या अलीकडे, हायवेवर. काहीच झालं नाही.

१० ऑगस्ट

भातकुलीहून अकोला, दर्यापूरवरून. हायवेनं दोन तास लागले असते, असे सव्वातीन. यंत्रातली बाई हिंदीत बोलते — "दो सौ मीटर बाद दाएँ मुड़ें." माझ्या घरात एवढंही कोणी बोलत नाही!

प्रणाली, माझी बायको, गेल्यापासून लेक खुशी अकोल्याला, तिच्या आजीकडे. नऊ वर्षांची झाली. शाळेचं विचारलं की उत्तर देते, पाहुण्याला द्यावं तसं. मीही पाहुण्यासारखा चहा पितो आणि निघतो.

१७ ऑगस्ट

गेलो. आलो.

२४ ऑगस्ट

सासूबाईंचं भाजीचं दुकान आहे. पार्बताबाई म्हणजे तोंडाला कुलूप नाही. वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "जवाई, पोरीले किती दिवस पावनपन करता?" म्हटलं, न्यायलाच येतो, तुम्ही पाठवा. खरं आहे ते. दुसरं काही मागायचंच उरलेलं नाही मला.

"वर्ष होऊ द्या. तिथीले तुमी अन् पोरगी, दोघं मिळून त्या जाग्यावर नारळ ठेवा. मंग न्या घरी. नाहीतर तिची माय तिथंच अडून राहीन."

हो म्हटलं. ती जागा मी चौकोनात कोंडून ठेवली आहे, हे त्यांना कसं सांगणार?

७ सप्टेंबर

झेंडूला कळी धरली. बरा आहे.

एकदा लिहून टाकतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सोनं द्यायला अकोल्याला निघालो होतो. भर दुपार. रोही आडवी आली, मी गाडी वळवली, गाडी झाडावर गेली. प्रणालीच्या बाजूनं. मला खरचटलं. खुशी मागच्या सीटवर, तिला काही लागलं नाही.

पोलिसांना असंच सांगितलं. त्यांनी कागदावर 'नीलगाय' लिहिलं. सगळ्यांनाच असं सांगितलं. आपल्याकडे रोही म्हटलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

१४ सप्टेंबर

गेलो. आलो. येताना यंत्र बंद ठेवलं, तरी दर्यापूरवरूनच आलो.

२१ सप्टेंबर

दर्यापूरच्या पुढे नाल्याच्या पुलावरून पाणी. यंत्र म्हणतं, सीधे चलें! एक म्हातारा बैलं घेऊन थांबला होता. "त्या मशिनीले काय मालूम गा पान्याचं? हायवे सोडून कावून मरून राहिला इकडं?" त्याला काय सांगू? तीन तास बसलो पाणी उतरेपर्यंत. मोबाईलला रेंज नाही.

पोचलो तर खुशी दारात उभी. जेवली नव्हती. "मले वाटलं, बाबा बी..." एवढंच बोलली आणि आत गेली. सासूबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. वाढलं ते खाल्लं. कशाची भाजी होती, आठवत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचा सगळा माल विकला गेला. यंदा तोडायला बाया लावल्या. गेल्या वर्षी चार पैसे वाचवायला आम्ही दोघांनीच तोडला होता. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. प्रणाली म्हणाली होती, "उद्या जाऊ ना अकोल्याले, आज झोपा." मीच ऐकलं नाही.

चौकोन पुसला. यंत्र विचारतं, नक्की? हो बाई, नक्की. उद्या हायवेनं जाणार. लेक घरी येणार. आनंद व्हायला हवा होता. होत नाही.

३ ऑक्टोबर

खुशीला आजीकडून घेतलं. त्या झाडापाशी दोघांनी नारळ ठेवला. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, रोही नोती. तुमचे डोये लागले होते झोपीनं. मी कोनालेच नाही सांगतलं."

एवढंसं लेकरू! वर्षभर माझं खोटं एकटीनं सांभाळत होतं.

तिथेच बसलो आणि रडलो. वर्षात पहिल्यांदा. मग गाडी परत अकोल्याला फिरवली. आता सासूबाईंच्या ओट्यावर बसून लिहितोय. हे असं तिच्या डोक्यावर ठेवून तिला घरी नेता येणार नाही. आधी खरं सांगणार, मग सासूबाई पोर देतील, न देतील.

फाटक वाजलं. आल्या त्या.