व्याख्यानातला शेवटचा प्रश्न

दि. ९ नोव्हेंबर

चि. बयोस खूप खूप आशीर्वाद.

आम्ही काल सुखरूप घरी पोहोचलो. माझा गुडघा कुरकुरतोय, तुझी आई माझ्यावर कुरकुरतेय, म्हणजे सगळं ठीक आहे.

परवा तुझं व्याख्यान ऐकताना माझी छाती इतकी फुगली की कोटाचं बटण तुटलं. खरंच तुटलं! शेजारच्या गृहस्थांना मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, "ती माझी मुलगी." शेवटी ते म्हणाले, "हो हो, कळलं हो!"

आणि मला सगळं समजलं, बरं का. अग्निशमन दलात उभी हयात गेली माझी. नवखा जवान स्वयंपाकघरातल्या एवढ्याशा आगीवर पूर्ण जोरानं पाणी सोडतो. आग विझते, पण घर पाण्यानं जातं. म्हणून आम्ही नवख्यांना पाणी सोडायला शिकवण्याआधी ते बंद करायला शिकवायचो. नवजात बाळाच्या रक्तातल्या रक्षक पेशीही कधीकधी जंतूंवर अशा तुटून पडतात की बाळाच्याच फुप्फुसांची नासधूस होते, असं तू सांगितलंस. आणि त्यांना आवरायचं कसं, हे माझी पोर शोधतेय! खात्यातल्या सगळ्या जुन्या मंडळींना फोन करून झाले माझे.

मग शेवटचा प्रश्न तुझ्या आईनं विचारला. चारचौघांत तोंड न उघडणारी ही बाई उभी राहिली आणि म्हणाली, "आईला सर्दी असताना तिनं बाळाला जवळ घेतलं असेल, तर?" तू स्वतःच्या आईला "आपण" म्हणालीस, मला हसूच आलं. पण उत्तर नीट दिलंस. "आपण विचारलंत ते बरं झालं. जंतू कुठून आला हे बहुतेकदा कळतच नाही. आणि पेशी किती भडकतील, हे काही आई ठरवत नाही. आईला दोष देऊ नये." ती खाली बसली. तुला वाटलं असेल, आईला उगाच काळज्या.

बयो, तुझ्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. आठवडाभरच होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, जंतुसंसर्ग. बाकीचं तुझ्या आईनं स्वतःच ठरवलं, कारण तेव्हा तिला सर्दी होती. मी कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. तू झालीस तेव्हा ती कितीतरी महिने तोंडाला फडकं बांधून तुला पाजायची. ज्या फोटोंना तू "दरोडेखोर आई" म्हणून हसतेस, ते तेव्हाचे. तुला काही सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं मला.

आज सकाळी चहा ओतता ओतता तुझी आई म्हणाली, "अहो, त्याचं नाक अगदी तुमच्यासारखं होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मग म्हणाली, "लिहा तिला. कळू दे, तिला भाऊ होता." मला रडू आवरलं नाही. चहा तसाच गार झाला.

त्या सभागृहात मोठमोठ्या लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण तुझं शिकणं सार्थकी लागलं ते आज, आपल्या स्वयंपाकघरात.

फोन कर. मी उचलणार नाही, तिलाच उचलू देईन.

तुझा आणि तुझ्या दादाचा,
बाबा