कागदावर आटलेली विहीर

वालूर, ता. सेलू

आदरणीय व्यंकटराव दाजींना महारुद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. अक्काचे गुडघे आता कसे आहेत ते कळवा. तुमचा फोन सध्या सगळा जिल्हाच लावत असणार (ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्याला यंदा नवरदेवापेक्षा जास्त मान आहे), म्हणून हे पत्र परभणीच्या बसच्या कंडक्टरजवळ देतोय.

वादळात आमच्या पाणीपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तुमच्याच वर्कशॉपात येऊन पडला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातच सरकारनं विजेची आणीबाणी लावली आणि इथल्या तहसीलदार साहेबांना जादा अधिकार मिळाले. निविदा नको, काही नको. ज्याच्याकडे साधन त्याला काम. एरवी ऑफिसातला बल्ब बदलायलाही सह्या गोळा कराव्या लागतात, इथं चहा संपायच्या आत हुकूम निघाला. लग्नसराई संपल्यामुळं माझं मंडपाचं जनरेटर रिकामंच होतं. ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत गावच्या विहिरीवरचा पंप चालवायचा ठेका मला मिळाला. रसवंतीवाल्या पंडितनंही लगेच एक टँकर मिळवला आणि रसवंतीच्या बोर्डावर 'आपत्कालीन सेवा' असं रंगवून घेतलं (खालचा ऊस मात्र तसाच दिसतो).

हार घालून, नारळ फोडून जनरेटर सुरू केलं. पंप घुमायला लागला, पण टाकीत पाणी चढेना. आता दाजी, आमचा जन्म गेला लग्नात. माळांच्या बल्बला कुठली वायर कुठं जोडली याचं काही सोयरसुतक नसतं. पंपाला असतं, दोन वायरी अदलाबदल झाल्या की तो उलटा फिरतो. तुम्ही हसत असाल, पण आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही. साहेबांनी येऊन पंपाचा आवाज ऐकला, कोरडी टाकी बघितली आणि 'विहीर आटली' असं लिहून गेले. मग त्याच तातडीत पंडितला टँकरचा ठेका मिळाला.

संध्याकाळी आमच्या आईनं, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, विहिरीत डोकावून विचारलं, "आरं, पाणी तर लय वर हाय की! मंग आटलं काय, तुमची अक्कल?" तेव्हा कुठं मी वायरी बदलल्या आणि पाणी धो धो आलं. पण तोवर कागदावर विहीर आटून गेली होती. पंडित हळूच म्हणाला, "मालक, गप ऱ्हावा. तुमचंबी चालायलंय, माझंबी चालायलंय." मी गप्प राहिलो. आता माझ्या जनरेटरवर विहिरीतलं पाणी निघतं, पंडितच्या टँकरमध्ये पडतं, गावाला वळसा घालतं आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबतं. तिथं बायका उन्हात रांगेत उभ्या असतात. आमचं घर विहिरीला लागून, त्यामुळं आम्हाला थेट नळी आहे.

दाजी, मला लाज वाटते, आणि तरी रोज जनरेटरला चावी मारताना बरंही वाटतं. साहेब वाईट नाहीत, पंडितही नाही. घाई होती, म्हणून कुणी काही विचारलं नाही. पण अडचण संपली की ज्याचं काम संपतं, त्याच्याच हाती अडचण सोपवली तर तो ती जपूनच ठेवणार. संध्याकाळी आई देवापुढं म्हणते, नरसिंहा, लाईट येऊ दे. मी शेजारी हात जोडून बसतो आणि काहीच मागत नाही. मला काय हवंय ते त्याला कळत असेलच, याचीच भीती वाटते.

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
महारुद्र

ता. क. – आमच्या ट्रान्सफॉर्मरसाठी जिवाचा आटापिटा करू नका. तब्येतीला जपा. पोळ्यापर्यंत राहिला तरी आमची तक्रार नाही.

ता. क. २ – पाकीट बंद करण्याआधी आईला पत्र वाचून दाखवलं आणि ओघात वरचा ताजा कलमही वाचून गेलो. तिनं घरातली घागर उचलली आणि टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. बायका पुढं या म्हणतात, ती सरकत नाही. विहिरीत पाणी आहे, हे मी साहेबांना आत्ताच फोनवर सांगितलं. ट्रान्सफॉर्मर आधी आमचा करा, न्यायला गाडी घेऊन मीच येतो. आई अजून उन्हातच आहे.