तलावातली विहीर

१४ मे, गुरुवार

डोंगरातला तलाव आटला आणि आईचं बुडालेलं माहेर वर आलं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा सहलीसाठी आणलेल्या बोटी चिखलात पालथ्या पडल्यात. त्याच बोटीतून मी आईला तिच्या गावावरून फिरवलं होतं.

आता त्या गावच्या विहिरीलाच तेवढं पाणी आहे. सगळे शेंदत होते. आई घागर घेऊन लांबच थांबली.

"चल की, कोण अडवून राहिलंय?" मी चिडलेच.

आई म्हणाली, "आपण इथवरच यायचं. कुणी पाणी वाढलं तर घ्यायचं."

बौद्ध होऊन इतकी वर्षं झाली, तरी? गाळानं भिंती मिटवल्या, ही थांबायची जागा कशी नाही मिटवली?

आणि काठावरची ती बाई. माझ्याहून लहान, गाव बुडाल्यावर जन्मलेली. काही न विचारता पुढं आली आणि घागरीला न शिवता आईच्या घागरीत तिनं वरून धार धरली.