एकाच किल्लीचं कुलूप

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला, की अजून डॉक्टर बदलणं चालू आहे? आम्ही सगळे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेले अकरा दिवस मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहतोय, आणि पाहुण्याशीसुद्धा लोक याहून जास्त बोलतात.

विषय चिमणीचा आहे. (तिला आता चिमणी म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं, ते अजून कळवण्यात आलेलं नाही.) दीड वर्षापूर्वी तू पाहिलीस तेव्हा ती माझ्या सदऱ्याच्या खिशापर्यंत येत होती. आता चौदावं लागलंय आणि माझ्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसतं. हातपाय आधी वाढले, बाकीची ती मागून येतेय, त्यामुळे घरातलं प्रत्येक स्टूल तिच्या गुडघ्याला लागतं आणि दोष स्टुलाचा असतो. कपाळावर चार पुटकुळ्या आल्यात, त्यांची मोजदाद रोज सकाळी आरशासमोर होते. पूर्वी मी सांगेन ते खरं मानायची. आता ऐकून घेते, आणि मी परवा काय म्हणालो होतो ते काढून त्याच्या शेजारी ठेवते. दोन्ही जुळत नाहीत. (चुकतं माझंच, पण तिच्यासमोर कबूल कोण करणार?) शिवाय वर्गातल्या दोन मैत्रिणी आहेत. त्या म्हणतील तो आमच्या घरात कायदा.

तर वाढदिवसाला तिने काय मागावं? खोलीच्या दाराला कुलूप. किल्लीवाल्याच्या पोरीने कुलूप मागितलं म्हणून मला मेल्याला भरूनच आलं. तुझी भावजय म्हणत होती, साधी कडी लावा. पण मी कसला ऐकतोय! चांगलं पितळी लॅच बसवलं. आतून खुंटी फिरवायची, बाहेरून किल्ली. किल्लीला लाल दोरा बांधून तिच्या हातावर ठेवली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की या कुलपाची जगात एकच किल्ली आहे आणि ती तुझ्याकडे. हे बोलताना दुसरी माझ्या खिशात होती. ताई, पाळत ठेवायची म्हणून नव्हे गं. सव्वीस वर्षांची सवय. कुलूप हाताखालून गेलं की जोडीची किल्ली आपोआप घासून तयार होते. गिऱ्हाइकाची मी न चुकता परत देतो. (पोटच्या पोरीची ठेवली. का, ते विचारू नकोस. मी स्वतःलाच अजून विचारतोय.)

मग तो शनिवार उजाडला. दुपारी एकला ती शाळेतून आली, दप्तर भिंतीवर आपटलं, आत गेली आणि खुंटी फिरली. जेवायला हाक मारली, उत्तर नाही. तुझी भावजय कामावर. मी खालचं दुकान बंद करून दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. आतून हुंदके येत होते तोवर बरं होतं. अडीचला ते थांबले आणि माझी पाचावर धारण बसली. दार वाजवलं, ओरडलो, मग गयावया केली. आतून कात्री चालल्याचा आवाज आला. मग काहीतरी जमिनीवर पडलं. मग काहीच नाही. ताई, लोकांची हजारो दारं उघडलीत मी, पण हात असे कधी कापले नव्हते. किल्ली भोकात तीनदा घातली आणि तीनदा बाहेर काढली. एकदा वाटे, पोरीला शब्द दिलाय. लगेच वाटे, शब्द घेऊन काय चाटायचाय? चौथ्या वेळी फिरवली.

ती जमिनीवर बसली होती, पुढ्यात कापलेली वेणी आणि कानांत गाणी. माझा एवढा आरडाओरडा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. शाळेत वर्गाचा फोटो काढला, फोटोवाल्याने उंच म्हणून हिला मागच्या रांगेत मुलांमध्ये उभं केलं आणि त्या दोघी पुढे बसून हसल्या, एवढंच झालं होतं. (एवढंच, असं मी म्हणतोय. वेणी कापून उंची कशी कमी होते, हेही ओठांवर आलं होतं. गिळलं.) तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. चिडली असती तर परवडलं असतं. अगदी हळू म्हणाली, "बाबा, किल्ली एकच होती ना?"

तेव्हापासून "हो", "नको" आणि "चालेल" एवढ्या तीन शब्दांवर आमचं चाललंय. खोलीचं दार तर तिने सताड उघडंच टाकलं, आणि ते मला बंद दारापेक्षा जास्त लागलं. पण गेल्या रविवारी मात्र, कधी नव्हे ते, दप्तर घेऊन दुकानात येऊन बसली. मला नेमकं एकाचं अडकलेलं शटर उघडायला जावं लागलं. परत येतो तो कुलपांच्या आतल्या बारीक पिनांचा डबा नीट लावून ठेवलेला, नऊ वर्षांची असताना लावायची तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारपासून दारही पुन्हा लावून घेते. राग निवळत असावा. तू तिला चार शब्द लिही, तुझं ती मानते.

तुझा धाकटा

ता. क. : पाकिटात ती दुसरी किल्ली घातली आहे. माझ्याजवळ राहिली तर हात शिवशिवतील. मी लोटांगण घातलं तरी परत देऊ नकोस. आणि तिला आवर्जून लिही, की बाबाने आपणहून पाठवली.

ता. क. २ : डिंक संपलाय, म्हणून पाकीट उघडंच चिमणीच्या हाती देतोय, चिकटवून टपालात टाकायला. दुसऱ्याचं पत्र वाचणारी ती नव्हे.

ता. क. ३ : आत्या, मी वाचलं. (बाबांनी किल्ली ठेवली, मी पत्र वाचलं, फिटंफाट.) यात घातलेली किल्ली माझ्या दाराची नाही, आमच्या जुन्या कपाटाची आहे. बाबा डोळे मिटून किल्ली ओळखतात, तेव्हा ही चूक नव्हे. खरी अजून त्यांच्या खिशात आहे. राहू दे. रविवारी मी कुलूप दप्तरातून दुकानात नेऊन त्याच्या पिना नव्या किल्लीच्या मापाने बदलल्या. त्यांची किल्ली आता आत जाते, पण फिरत नाही. सांगू नकोस, ती खिशात असली की त्यांना बरं वाटतं. त्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, ते मी पाहिलंय. म्हणून नव्या किल्लीची जोड मी दुकानातच, त्यांच्या डोळ्यांसमोर, चौदा नंबरच्या खिळ्याला टांगली आहे. पुन्हा कधी मी ओ दिली नाही आणि त्यांनी घाबरून तुला फोन केला, तर खिळ्याचा नंबर सांग. आधी मात्र दार जोरात वाजवायला सांग. मी गाणी ऐकत असते.

तुझी चिमणी
(बाबांनी म्हटलं तरी चालेल, पण एवढ्यात कळवू नकोस.)